सातशेचा पट्टा

प्लासिदो माग्बानुआला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी घरातलं पहिलं भांडण झालं ते बेर्तोच्या शर्टावरून. वर्षाच्या मिस्सेला घरच्यांनी काळं घालून यायचं आणि घरी परतल्यावर, जेवणाआधी, ते उतरवायचं, म्हणजे दुखवटा संपला. ही रीत आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत असते. बेर्तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर पिवळा शर्ट घालून बसला होता.

"काळा एकच होता, मानांग," पायऱ्या उतरताना तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "काल त्याला ऑइल लागलं."

"कसलं ऑइल?"

"जनरेटरचं."

"वर्षभर बंद असतो त्या जनरेटरचं ऑइल तुला मिस्सेच्या आदल्या दिवशीच बरं लागतं," ओफेलिया म्हणाली आणि आईचा हात धरून पुढे निघाली.

बेर्तो त्यांच्या मागून चालू लागला. नऊ टॉवर, नऊ जनरेटर आणि एक होडी एवढा त्याचा संसार होता, आणि बहिणीशी वाद घालून आपण कधी जिंकलो होतो का, हे त्याला आठवत नव्हतं.

घरी खालच्या मजल्यावर शेजारीपाजारी जेवायला बसले होते. मोठ्या पातेल्यांत तुरीचे दाणे, डुकराचं मटण आणि कोवळा फणस शिजून एकजीव झाला होता. नानायने, म्हणजे आईने, खोलीत जाऊन काळा झगा काढला, निळ्या फुलांचा घातला आणि आरशाकडे न पाहताच बाहेर आली. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण पाठ अजून ताठ. खाली चार घास खाल्ल्यासारखं करून ती वर नवऱ्याच्या कचेरीत गेली आणि त्याच्या खुर्चीत बसली. तिच्यामागून मुलं गेली, सगळ्यात शेवटी ओफेलियाची मुलगी जोव्हेलिन, घरच्यांची जोव्ही. तिने दार लावून घेतलं. भिंतीवर प्लासिदोने स्वतः काढलेला नकाशा होता: किनारा, सात बेटं, आणि टॉवर दाखवणाऱ्या नऊ लाल टाचण्या.

मधला भाऊ एउसेबियो बॅग मांडीवर घेऊन बसला. तो मनिलात वकिली करायचा. वर्षभर त्याने दात-ओठ खात वाट पाहिली होती. मेलेल्या माणसाच्या वस्तूची वाटणी वर्षाच्या मिस्सेआधी करायची नाही आणि त्याच्या नावच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असं नानायने अंत्यविधीच्या दिवशीच बजावलं होतं. एउसेबियोने तेव्हा समजावून पाहिलं होतं, की नानाय, हे काही घर किंवा नारळाची बाग नाही, हा हवेतला पट्टा आहे आणि हवा थांबत नाही. नानाय म्हणाली होती, तुझा बाप थांबायचा, तूही थांब.

पट्टा म्हणजे सातशेचा पट्टा. आवाज आणि चित्रं ज्या लहरींवरून जातात, त्या सरकार वाटून देतं, शेताचे तुकडे पाडावेत तशा. एकाचा तुकडा दुसऱ्याने वापरायचा नाही. त्यातल्या सातशे मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पल्ल्याच्या. डोंगर ओलांडतात, समुद्रावरून जातात, सिमेंटच्या भिंतीतून आत शिरतात. एरवी जिथे चार टॉवर लागतात तिथे एकात भागतं. नव्वदच्या दशकात प्लासिदोने बेटांवर टेलिफोन देतो म्हणून हा पट्टा मागितला, आणि त्याला तो मिळाला. लिलाव नाही, बोली नाही. संसदेची परवानगी ज्याच्याकडे होती आणि ज्याने आधी मागितलं, त्याला दिलं. तेव्हा कुणालाही तो नको होता. पुढे मोबाइल आले आणि आता मनिलाच्या मोठमोठ्या कंपन्या त्याच्यासाठी जीव टाकत होत्या. कायद्याने पट्टा विकता येत नाही, पण ज्या कंपनीकडे पट्टा आहे ती अख्खी कंपनी विकता येते. म्हणजे गळ्यातला पट्टा विकायला बंदी, पण पट्ट्यासकट कुत्रा विकायला हरकत नाही. एउसेबियोला हा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही तेव्हा हसू दाबता आलं नव्हतं.

"साठ कोटी पेसो," तो म्हणाला. "नाव, कर्जं, टॉवर, सगळं घेतील. टॉवर त्यांना नकोच आहेत, भंगारात घालतील. नानायचे चाळीस टक्के आणि माझे वीस. मानांग, तुझ्या सहीवाचून अडत नाही, तरी मी विचारतोय. मोठी आहेस म्हणून."

"मोठी आहे म्हणून विचारू नकोस," ओफेलिया म्हणाली. "चौतीस वर्षं या कंपनीत घासलीत म्हणून विचार. तू मनिलात गार हवेत बसून केस जिंकत होतास, तेव्हा मी इथे स्विचबोर्डावर कानाला भोकं पाडून घेत होते."

"मग किती बेटांवर फोन वाजतो आज?"

"वाजेल. इलोइलोच्या बँकेशी बोलणं चाललंय. नवी यंत्रं आली की या एका पट्ट्यावर सातही बेटांना इंटरनेट देता येतं. बेर्तोने आकडेमोड केलीय."

"दहा वर्षं तेच ऐकतोय. यंत्रं येतील, बँक देईल. मानांग, नऊ टॉवरवाल्यांचं हे काम नाही. एका यंत्राच्या किमतीत आपलं अख्खं गाव येईल. माझ्यावर ओरड हवं तर, पण या पट्ट्याचा उपयोग कुणाला व्हायचा असेल तर तो मोठ्या हातातच होईल."

नानाय आतापर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. तिने मान वळवली. "ते लोक घेऊन काय करणार त्याचं? बेटांवर देणार?"

एउसेबियोने क्षणभर विचार केला. तो पैशाला हपापलेला होता, पण आईशी खोटं बोलायची सवय त्याने लावून घेतली नव्हती.

"लगेच नाही," तो म्हणाला. "त्यांच्याकडे असे पट्टे पडून आहेत. तिसरी एक नवी कंपनी येऊ पाहतेय, तिला मिळू नये म्हणून घेतायत."

"म्हणजे पेटीत घालून कुलूप," ओफेलिया म्हणाली.

"आणि आपण काय केलं चोवीस वर्षं?" हे बेर्तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बेर्तो नेहमी बहिणीच्या बाजूने असायचा. निदान तिच्या विरुद्ध तरी नसायचा. तो आता नकाशाकडे बघत बोलत होता. "आपलंही कुलूपच होतं, मानांग. फक्त वर्षातून एक दिवस उघडायचो."

हा एक दिवस घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. पट्टा वापरात नसेल तर सरकार परत घेतं, म्हणून सरकारच्या दूरसंचार आयोगाची माणसं वर्षातून एकदा तपासायला येत. येण्याआधी पंधरा दिवस पत्र येई. मग बेर्तो होडीत डिझेलचे डबे भरून बेटाबेटावर जाई, जनरेटर चालू करी आणि टॉवर जागे होत. तपासनीस याच घरात उतरत, नानायच्या हातचं जेवत आणि प्लासिदोबरोबर होडीतून एखाद्या बेटावर जाऊन फोन वाजतो का ते बघत. फोन वाजे. बेटावरच्या लोकांना हा दिवस पाठ होता. दवाखान्याच्या भिंतीवरच्या फोनपुढे पहाटेपासून रांग लागे, परगावच्या लेकीसुनांना आधीच निरोप गेलेले असत. तपासनीस रांग पाहून खूश होत आणि अहवालात लिहीत, की सेवेला लोकांचा प्रतिसाद उत्तम. दुसऱ्या दिवशी बेर्तो उरलेलं डिझेल घेऊन परत येई. बेटांवरच्या बोलण्यातून जेवढे पैसे मिळत, त्यात डिझेलचा वाससुद्धा आला नसता.

"तू गप्प बस," ओफेलिया भावाला म्हणाली. "तातायने जे केलं ते पट्टा हातचा जाऊ नये म्हणून केलं. हातात राहिला म्हणून आज त्याबद्दल बोलता येतंय."

"बोलता येतंय, पण फार दिवस नाही," एउसेबियो म्हणाला आणि त्याने बॅगेतून एक गठ्ठा काढून टेबलावर आपटला. "तुम्हाला वाटतंय मी पैशासाठी घाई करतोय. हे वाचा. आयोगाचा अहवाल आहे. माग्बानुआ टेलिफोनचा पट्टा परत घ्यावा, अशी शिफारस. पुढच्या आठवड्यात नोटीस निघेल. माझ्या ओळखीच्या कारकुनाने प्रत दिली. शेवटचं पान, सहीचं, तेवढं त्याला काढता आलं नाही."

जोव्हेलिन दाराशी उभी होती. तिने हात पाठीमागे घेतले.

एउसेबियो चष्मा लावून वाचू लागला. "'कंपनीची केंद्रं तपासणीच्या दिवशीच चालवली जातात. प्रत्येक जनरेटरवर तो किती तास चालला हे दाखवणारं मीटर आहे. दापदाप बेटावरचा जनरेटर बसवल्यापासून अकरा वर्षांत एकशे बेचाळीस तास चालला आहे. सेवा अखंड असती तर हा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला असता.' पुढे नऊही ठिकाणचे आकडे आहेत. शेवटच्या तासापर्यंत बरोबर."

टॉवर चालू दाखवायचा, फोन वाजवायचा, रांग लावायची, जेवायला खेकडे घालायचे, हे सगळं प्लासिदोला सुचलं होतं. जनरेटरच्या अंगावरचं तळहाताएवढं मीटर मागे फिरवायचं मात्र त्याला सुचलं नाही, आणि इतक्या वर्षांत एकाही तपासनिसाने वाकून ते पाहिलं नव्हतं.

"नऊही बेट... नऊही ठिकाणी जाऊन बघितल्याशिवाय हे लिहिता येत नाही," ओफेलिया सावकाश म्हणाली. "आणि तुझ्याशिवाय तिथे कुणी जात नाही, बेर्तो."

बेर्तो पुन्हा नकाशाकडे बघू लागला.

"काल जनरेटरपाशी काय करत होतास? बोल. किती दिले त्यांनी तुला? का फुकटच विकलंस बापाला?"

"मानांग, सांभाळून बोल."

"सांभाळून? वर्षभर मी काळं घालून तुझा पगार करत होते. उधार डिझेल आणत होते. आणि तू मीटर वाचून दाखवत होतास त्या लोकांना? तातायच्या वर्षालाही काळं घालवलं नाही तुला, ते उगाच नाही."

बेर्तोच्या कपाळाची शीर उठली होती. तो उठून उभा राहिला, आणि एउसेबियोला वाटलं आता हा टेबल उलटवणार. पण तो नुसता उभा राहिला. आपण नाही हे सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते तो बोलला नाही. दाराशी उभ्या असलेल्या जोव्हीने ते पाहिलं.

"मी लिहिलाय," ती म्हणाली.

ती एकतीस वर्षांची होती, आयोगात नोकरीला. आपला माणूस आत असावा, म्हणून आजोबांनीच, तिच्या लोलोने, तिला इंजिनिअर केलं होतं. हौशी रेडिओवाल्यांचे परवाने काढून देते, असं तिने घरी सांगितलं होतं. आठ महिन्यांपूर्वी तिची बदली पडून असलेल्या पट्ट्यांच्या विभागात झाली, हे सांगितलं नव्हतं. बापाचं ओसोरियो हे आडनाव लावत असल्यामुळे तिकडे आयोगातही कुणाला काही कळलं नव्हतं, आणि तिने कळू दिलं नव्हतं.

"पवित्र आठवड्यात तियो बेर्तोबरोबर होडीतून गेले होते, पोहायला म्हणून," जोव्ही म्हणाली. "तियोला तेव्हा माहीत नव्हतं. प्रत्येक बेटावर मीच उतरून बघून आले. नंतर त्यांच्या लक्षात आलं असेल. त्यांनी विचारलं नाही."

ओफेलिया लेकीकडे बघत राहिली. राग यायला तिला वेळ लागला, कारण आधी ती नुसतीच ऐकत होती.

"मला विचारायचंस," ती म्हणाली.

"काय विचारणार होते, मा? मला माहीत होतं सगळं. मी नऊ वर्षांची होते. लोलोने मला दापदापला नेलं, नवा फ्रॉक घालून. तपासनीस बघत होता आणि मी फोन उचलून म्हणायचं होतं, 'हॅलो लोला, मी दापदापवरून बोलतेय, इथे सगळे बरे आहेत.' तीन वर्षं तेच बोलले मी. चौथ्या वर्षी एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, पोरी, तू परत कधी येणार, म्हणजे फोन चालू होईल. तिला वाटायचं माझ्यामुळे चालू होतो."

"लहान होतीस. तुला काय कळत होतं कंपनी कशी चालते ते."

"आता कळतं. आता त्यावरच पगार मिळतो मला." जोव्हीचा आवाज चढला. "सातशेचा पट्टा आहे तो, मा. दापदापला एक टॉवर लावला तर आजूबाजूची तीन बेटं बोलतील. दुसऱ्या कुणाला लावायचा म्हटला तरी लावता येत नाही, कारण कागदावर तिथे आपण बोलतोय. आपण बोलत नाही आणि दुसऱ्याला बोलू देत नाही. गेल्या डिसेंबरच्या वादळात..."

"ते नको," बेर्तो म्हणाला.

"का नको? तुम्हीच सांगितलंत मला."

बेर्तो खाली बसला. मग त्यानेच सांगितलं, आईकडे बघून. "बाळंतीण होती, नानाय. दापदापची. सुईणीने फोन उचलला. बंदच होता. तरी ती उचलून बघत राहिली. होडी काढून पोरं इकडे यायला निघाली, तोवर उशीर झाला. जानेवारीत तपासणीसाठी मी जनरेटर चालू करायला गेलो, तर तिचा नवरा रांगेत उभा होता. सासरच्यांना कळवायचं होतं त्याला." तो थांबला. "मी मीटर बदलायला घेतलं होतं काल, मानांग. दुसरं बसवून, तास फिरवून. आपल्याला वाचवायला. ते तिथेच टाकून आलो. तेच ऑइल."

नानायने क्रूसाची खूण केली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. एउसेबियोने मात्र चष्मा काढला, पुसला आणि बॅगेतून एक कोरा कागद घेतला. कोर्टात समोरचा साक्षीदार चुकला की त्याच्या अंगात असाच थंडपणा येत असे.

"जोव्ही, या अहवालावर सही तुझी आहे?"

"हो."

"कंपनी तुझ्या आईची आहे, हे तू वरिष्ठांना कळवलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"नाही कळवलंस. घरचं प्रकरण हातात घेऊ नये, आलं तर सांगून बाजूला व्हावं, असा तुमचा नियम आहे. मग हा अहवाल गेला." तो भराभर लिहू लागला. "मानांग, ऐक. तुझं नि माझं वर्षभर पटलं नाही, पण आता पटेल. कंपनीच्या अध्यक्षाने, म्हणजे तू, आयोगाला एक ओळ कळवायची. अहवाल लिहिणारी अधिकारी ही माझी मुलगी असून तिने ही गोष्ट लपवली आहे. बस. त्यात एक अक्षर खोटं नाही. सोमवारी हे पोचलं की अहवाल केराच्या टोपलीत. पुन्हा चौकशी लागायला दोन वर्षं जातील. तोवर तुला विकायचं तर वीक, नाही तर तुझ्या बँकेकडून यंत्रं आण. मी आडवा येणार नाही. लिहून देतो."

"आणि माझी पोर?"

"तिची नोकरी जाईल. इंजिनिअरचा परवानाही कदाचित जाईल. पण तिने हे घर बुडवायला काढलंय, मानांग, हे विसरू नकोस. तिने तुझा विचार केला नाही."

हे खरं होतं, आणि ते ओफेलियाच्या वर्मी लागलं. चौतीस वर्षं. नवरा जहाजावर, पोरीला शाळेत सोडून ही टॉवरच्या परवान्यांसाठी दारोदार. मनिलाला शिकायला पाठवायची तेव्हा तिने स्वतःच्या कानातलं मोडलं होतं. आणि ही पोर पोहायला म्हणून गेली, आईच्या घरात आईच्या हातचं खाऊन, आणि आईच्या पाठीमागे तास मोजून आली. ओफेलियाच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यात इतका राग तिला मेलेल्या बापाचाही आला नव्हता, आणि त्याच्यावर रागवायला आज कारण मिळालं होतं.

"तू इथे येऊन मला सांगितलं असतंस," ती लेकीला म्हणाली, "तर मी तुला थोबाडीत मारली असती, आणि मग आपण बोललो असतो. तू तिकडे बसून लिहिलंस. नाव लपवून. तुझ्या लोलोचीच नात आहेस. त्याने फोन चालू असल्याचं दाखवलं, तू परकी असल्याचं दाखवलंस."

जोव्हीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान खाली घातली नाही. "मी सांगितलं असतं तर हा तपास दुसऱ्याकडे गेला असता. दुसरा इथे येऊन खेकडे खाऊन परत गेला असता."

"सही कर, ओफेलिया," नानाय म्हणाली. "पोर तरणी आहे, दुसरी नोकरी मिळेल. तुझ्या बापाने हे एवढंच मागे ठेवलंय."

"मानांग, नको," बेर्तो म्हणाला. "वाटल्यास मला काढून टाक. माझ्यावर घाल सगळं. तिच्यावर नको."

"तू कशाला मध्ये पडतोस, सगळ्यांचं ओझं वाहायला," एउसेबियो त्याच्यावर खेकसला. "चोवीस वर्षं तेच केलंस."

"हो केलं. तू कधी एक डबा उचलून बघितलास?"

दोघं भाऊ एकमेकांवर तुटून पडले आणि जुनं सगळं बाहेर आलं: बापाच्या आजारपणात कोण आलं नाही, होडी कुणाच्या नावावर आहे, मनिलाचा फ्लॅट कुणाच्या पैशाने झाला. नानाय टेबलावर तळहात आपटत होती. खाली जेवणाऱ्यांचा गलबला थांबला. आमच्याकडे लाकडी मजल्यातून सगळं खाली ऐकू जातं.

ओफेलियाने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने भावाने लिहिलेला कागद ओढून घेतला आणि वाचला. सुवाच्य अक्षर, एक ओळ, खाली सहीला जागा. सही केली की सगळं हातात राहत होतं. इलोइलोची बँक, बेर्तोची आकडेमोड, बापाचं नाव. सातशेचा पट्टा तिचा राहणार होता, आणि आता ती खरोखर टॉवर चालवणार होती, ते तिने मनात ठरवलंही होतं. यंत्रं आली की. बँकेने दिलं की. दोन वर्षांत. मग तिच्या ध्यानात आलं, की हेच शब्द याच टेबलाशी बसून तिचा बाप बोलायचा, आणि तोही खोटं बोलत नव्हता.

"पट्टा परत गेला तर कुणाला मिळेल?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता, तरी भाऊ गप्प झाले.

जोव्हीने नाक पुसलं. "माहीत नाही."

"तुझं काम आहे ते."

"मी लिहिलंय, की ज्याला मिळेल त्याने आधी बेटांवर टॉवर लावावेत आणि मग शहरात, अशी अट घाला. पण अट घालतील की नाही, माहीत नाही. कदाचित त्याच मोठ्या कंपनीला देतील. मी खोटं सांगणार नाही, मा."

"आता नाही सांगणार," ओफेलिया म्हणाली.

तिने पेन घेतलं. एउसेबियोच्या ओळीत काही खोडलं नाही. तिच्याखाली, सहीसाठी सोडलेल्या जागेत, तिने आणखी एक ओळ लिहिली, मग नाव, हुद्दा, तारीख, आणि कंपनीचा शिक्का कपाटातून काढून वर मारला. मग मोठ्याने वाचून दाखवलं.

"'अहवाल लिहिणारी अधिकारी ही माझी मुलगी असून तिने ही गोष्ट लपवली आहे. अहवालात लिहिलेलं सर्व खरं असून ते मी लपवलं आहे. ओफेलिया माग्बानुआ ओसोरियो, अध्यक्ष.'"

"तू वेडी झालीस," एउसेबियो म्हणाला. "सगळंच घालवलंस. पट्टाही आणि पोरीची नोकरीही. वर तुझ्यावर खटला होईल तो वेगळाच."

"होऊ दे. तू वकील आहेस, लढ."

नानाय खुर्चीतून उठली. तिने ओफेलियाकडे असं पाहिलं, जसं काही आत्ताच नवऱ्याला पुरून आली असावी, आणि खाली निघून गेली. जिन्यावर तिने बेर्तोचा हात झिडकारला.

"मा," जोव्ही म्हणाली, "पहिली ओळ कशाला? दुसरी पुरली असती. अहवाल टिकला असता."

"पहिली खरी नाही?"

"खरी आहे. पण माझी नोकरी जाईल."

"जाईल," ओफेलिया म्हणाली. "माझीही आत्ताच गेली." तिने कागदाची घडी घातली आणि लेकीच्या पुढे धरली. "उद्याच्या बोटीने जातेयस ना? तूच नेऊन दे. टपालात हरवलं, असं कुणी म्हणायला नको."

जोव्हीने हात पुढे केला नाही. ओफेलियानेही हात मागे घेतला नाही. ती तशीच उभी राहिली, अंगावर अजून काळा झगा, उतरवायचा राहून गेलेला, आणि शेवटी पोरीने कागद घेतला तेव्हा तिला जवळ न घेता ती नानायच्या मागे जिना उतरून गेली.